तुमची डावी की माझी?

गाडीला दिवे पुष्कळ असतात आणि त्यांतले बहुतेक आपल्याच सोयीचे. पुढचे मोठे दिवे आपल्याला रस्ता दाखवतात, छतातला दिवा सीटखाली घरंगळलेली किल्ली शोधून देतो, डिकीतला दिवा स्टेपनी जागेवर आहे एवढा दिलासा देतो आणि डॅशबोर्डवरचे लाल-पिवळे ठिपके तेलापाण्याच्या काळज्या वेळच्या वेळी पुरवत राहतात. ब्रेकचा दिवा दुसऱ्यासाठी असतो हे खरं. पण पाय दाबला की तो आपोआप लागतो, त्यात आपल्या सौजन्याचा काही वाटा नाही. इंडिकेटरचं तसं नाही. तो हात हलवून, मुद्दाम, कोणासाठी तरी लावावा लागतो आणि लावणाऱ्याला त्याचा उजेड धड दिसतही नाही. शिवाय तो जे सांगतो ते अजून घडलेलं नसतं. बाकीचे दिवे समोर असलेल्या वस्तूंवर उजेड पाडतात. हा एकटा आपल्या मनात काय चाललं आहे ते भर रस्त्यात सांगत सुटतो. मनातलं सांगायला २१ वॅट पुरतात, याचा मला कायम थोडा हेवा वाटत आलेला आहे.

असा दिवा उडाला तर मालकाला कळावं कसं? चालू राहून गेलेला इंडिकेटर लोक सांगतात. दुचाकीवाल्याचा इंडिकेटर वळून झाल्यावर आपला आपण बंद होत नाही. मग एखादा बिचारा स्वारगेटपासून कात्रजपर्यंत उजवीकडे वळण्याचं आश्वासन देत सरळ चाललेला असतो. तेव्हा शेजारून जाणारा कोणीतरी अनोळखी माणूस हाताची बोटं उघडमीट करून दाखवतो. ही खूण कुठल्याही पुस्तकात दिलेली नाही आणि ती न समजणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. ‘स्टँड!’, ‘ओढणी सांभाळा!’, ‘मागचं दार उघडंय!’ असे पुकारे आपल्या रस्त्यांवर दिवसभर चालू असतात. एरवी सिग्नलला एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी हीच माणसं, पण कोणाचं स्टँड खाली राहिलेलं दिसलं की त्यांना राहवत नाही. विझलेल्या दिव्याबद्दल मात्र कोणी काही सांगत नाही. सांगणार तरी कसं? जो उजेड पडलाच नाही, तो पडायचा राहिला हे कोणाच्या लक्षात येणार? समोरच्याला वाटतं, हाही इतरांसारखाच, न सांगता वळणारा. आणि आपण आत बसून, दांडी खाली करून, अत्यंत सुसंस्कृत रीतीने वळत असल्याच्या समाधानात.

सुदैवाने गाडी स्वतःच सांगते आणि तिची सांगण्याची तऱ्हा मोठी विलक्षण आहे. इंडिकेटरची उघडझाप मिनिटाला ६० च्या खाली आणि १२० च्या वर जाऊ नये असा नियम आहे. शांत बसलेल्या माणसाची नाडीही बहुधा याच हद्दीत फिरते. हा योगायोग असेल, पण मला तो आवडतो. तर एका बाजूचा एक बल्ब गेला की ही टिकटिक एकदम धावायला लागते, जवळजवळ दुप्पट. त्याचं कारण असं की प्रत्येक बाजूला पुढे एक आणि मागे एक असे दोन मोठे बल्ब, प्रत्येकी २१ वॅटचे. आणि फ्लॅशर नावाची एक डबी त्या दोघांकडे मिळून किती वीज जाते यावर कान लावून बसलेली असते. वीज निम्म्यावर आली की डबी घाई करते. जुन्या गाड्यांत हेच काम दोन वेगळ्या धातूंची, एकमेकींना चिकटवलेली पट्टी करायची. तिच्यातून वीज वाहिली की ती तापून वाकायची आणि वीज तोडायची, निवली की सरळ होऊन पुन्हा जोडायची. तिथे एक बल्ब गेला तर उरलेल्या विजेने पट्टी पुरेशी तापायचीच नाही, मग दिवा नुसता लागून राहायचा किंवा रेंगाळायचा. नव्या इलेक्ट्रॉनिक डबीलाही असं थबकणं शिकवता आलं असतं. पण ती बनवणाऱ्यांनी तिला मुद्दाम धावायला शिकवलं.

म्हणजे जोडीतला एक गेला की उरलेला भराभर लुकलुकू लागतो. माझी सांगलीची आत्या, आतोबा गेल्यावर अशीच झाली होती. आधी दोघांचा संसार इतका संथ होता की त्यांच्याकडे सकाळचा चहा प्यायला बसलेला माणूस जेवूनच उठायचा. नंतर मात्र ती दुपारी चारलाच देवापाशी दिवा लावायची, उद्याची भाजी आजच चिरून ठेवायची, आणि पाहुण्याची गाडी संध्याकाळची असली तर त्याच्या हातात दुपारीच शिदोरीचा डबा द्यायची. “अगं आत्या, एवढी घाई कसली?” असं विचारलं तर म्हणायची, “आता एकटीलाच सगळं करायचं ना रे, मग आधीच सुरुवात केलेली बरी.” फ्लॅशरच्या डबीला बोलता आलं असतं तर तिनेही बहुधा एवढंच सांगितलं असतं.

या टिकटिकीची आणखी एक गंमत आहे. पूर्वी तो आवाज खरोखरचा होता. डबीच्या आत काहीतरी जुळायचं आणि तुटायचं, त्याचा तो आवाज. आता बऱ्याच नव्या गाड्यांत आत काहीच हलत नाही आणि आवाज स्पीकरमधून काढतात. म्हणजे कुठेतरी, बंद खोलीत, चांगली शिकलेली चार माणसं बसून टिक केवढी असावी आणि टॉक केवढी, यावर वाद घालत असणार. यंत्र मुकं झालं तरी त्याने जुन्या सवयीने बोलल्यासारखं करावं, असं आपल्यालाच वाटतं. मुकाट्याने वळणं माणसाला झेपत नाही. माझ्या गाडीची टिकटिक अजून अस्सल आहे, कारण गाडी तितकीशी नवी नाही. आणि एका संध्याकाळी डावीकडे वळताना ती धावायला लागली.

बल्ब बदलण्याच्या कामाला गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत दोन चित्रं आणि काही बाण दिलेले आहेत. चित्रातला हात मनगटाशी संपतो, त्यामुळे तो हेडलाइट आणि बॅटरीच्या मधल्या फटीत सुखाने मावतो. मनगटामागे कोपर आणि कोपरामागे खांदा असलेल्या माणसाचा विचार चित्रकाराने केलेला दिसत नाही. होल्डर डावीकडे पाव फेरा फिरवायचा, तो बाहेर येतो. मग बल्ब जरासा आत दाबून तसाच फिरवायचा, तोही बाहेर येतो. वाचायला एवढंच. प्रत्यक्षात तुम्ही जे फिरवत असता ते होल्डर आहे, का हेडलाइटची रबरी टोपी आहे, का गाडीचा कधीही न फिरणारा एखादा मूळ अवयव आहे, हे दिसायला मार्ग नसतो. डोळे सताड उघडे ठेवून काही हाती लागत नाही. डोळे मिटले की बोटांना दिसायला लागतं. त्यातून बॉनेट उघडलं की माणसं जमतात, हा आपल्याकडचा गुरुत्वाकर्षणाइतकाच पक्का नियम आहे. आमच्या सोसायटीत कोणी ‘बॅटरी बघा’ म्हणालं, कोणी ‘कूलंट कमी झालं असेल’ म्हणालं. एका आजोबांनी तर गाडी कितीला घेतली होती तेही विचारून घेतलं. बल्ब गेला आहे असं सांगितल्यावर सगळ्यांचा चेहरा उतरला. त्यांना निदान इंजिन तरी हवं होतं.

निघालेला बल्ब रुमालात गुंडाळून मी नाना पेठेत गेलो. पुण्यात गाडीचं काहीही तुटलं, झिजलं, विझलं की पावलं नाना पेठेकडे वळतात. एकमेकांना खेटून उभी असलेली सुट्या भागांची दुकानं, छतापर्यंत रचलेली खोकी, टांगलेले आरसे, आणि गल्ल्यावर बसलेला, फोन खांद्याने कानाशी धरून दोन्ही हात मोकळे ठेवणारा मुलगा. त्याने माझ्याकडे न बघताच विचारलं, “सिंगल का डबल, काका?” मी रुमाल उलगडला. त्याने बल्ब चिमटीत धरून ट्यूबलाइटच्या दिशेने उचलला, क्षणभर आत पाहिलं आणि “गेला,” म्हणाला. तो गेलेला आहे हे मला ठाऊक होतंच, तरी कोणी जाणत्याने सांगितलं की बरं वाटतं. “पिवळा, सिंगल, तिरक्या पिना,” त्याने आतल्या बाजूला आवाज दिला.

या तिरक्या पिनांवर मी तिथल्या तिथे लट्टू झालो. डबल म्हणजे ज्यात दोन तारा असतात, एक मागच्या मंद दिव्याची आणि दुसरी ब्रेकची, सिंगलमध्ये एकच. त्यातही पांढऱ्या बल्बच्या बुडाशी असलेल्या दोन पिना समोरासमोर असतात आणि पिवळ्याच्या जराशा तिरक्या, १५० अंशांवर. हेतू असा की जिथे काच पारदर्शक आहे आणि म्हणून बल्बच पिवळा हवा, तिथे हाताला आला म्हणून पांढरा बसवता येऊ नये. रंगाची शिस्त पिनांकरवी पाळून घ्यायची ही युक्ती ज्याला सुचली, त्याचा माणसाच्या विवेकावर फारसा भरवसा नसावा. मला तो माणूस शहाणा वाटतो.

मुलाने फोन ठेवला आणि जरा जवळीक दाखवत म्हणाला, “काका, एलईडी टाका ना. परत जन्मात बघायला नको.” जन्म हा शब्द माझ्या वयाच्या गिऱ्हाईकाशी बोलताना जपून वापरावा, हे त्याला कोणी सांगितलं नसावं. पण एलईडीची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. एलईडीला वीज अगदी थोडी लागते. ती इतकी थोडी की डबीला वाटतं, बल्ब मेलाच. मग नवाकोरा, झगझगीत एलईडी लावूनही गाडी शोकाची टिकटिक करत फिरते. यावर उपाय म्हणून शेजारी एक रेझिस्टर जोडतात, म्हणजे वाचवलेली वीज तिथे नुसती उष्णता होऊन वाया जाते, आणि सगळं पूर्वीसारखं खर्चिक झालं की डबीचं समाधान होतं. काटकसर करणाऱ्याने घरच्यांची समजूत राहावी म्हणून रोज थोडे पैसे खिडकीतून फेकावेत, त्यातला हा प्रकार. मी साधाच बल्ब घेतला. दोन चहांच्या किमतीत काम झालं आणि मुलाने माझ्या भविष्याबद्दलची आस्था आवरती घेतली.

जुना बल्ब मात्र मला टाकवेना. काचेच्या आतल्या बाजूला धुरकट करडी छटा आली होती आणि मधली तार एका जागी तुटून तिचं टोक बल्ब हलला की शहारत होतं. ही तार टंगस्टनची. सगळ्या धातूंत वितळायला सर्वांत अवघड, ३४२२ अंश सेल्सियस लागतात. तरीही रोजच्या तापण्याने तिचे कण अगदी सावकाश उडत राहतात, काचेवर जाऊन बसतात आणि तार कुठेतरी एका ठिकाणी बारीक होत जाते. घरातला दिवा संध्याकाळी एकदा पेटतो आणि रात्री विझतो. इंडिकेटरची तार एका वळणातच कितीदा पेटते आणि विझते. थंड तारेचा विरोध फार कमी असतो, म्हणून पेटतानाच्या पहिल्या क्षणाला तिच्यातून विजेचा मोठा लोंढा जातो. बारीक झालेली जागा तो लोंढा सोसू शकत नाही. त्यामुळे असा बल्ब बहुतेक वेळा लागलेला असताना जात नाही, लागायला जातो आणि जातो. काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि शब्द तिथेच राहिला, असं मरण माणसांनाही येतं. पण त्याबद्दल त्या दुकानात काही बोलणं बरं दिसलं नसतं.

वळण्याआधी सांगावं, हे सुचलेल्या सुरुवातीच्या माणसांत एक नटी होती, हे समजल्यापासून मला इंडिकेटर लावताना जरा अदब वाटते. फ्लॉरेन्स लॉरेन्स तिचं नाव. जन्म १८८६ चा, कॅनडातल्या हॅमिल्टनचा. मूकपटांचा तो काळ, आणि कंपन्या तेव्हा नटनट्यांची नावं पडद्यावर देत नसत. नाव झालं की ही मंडळी पैसे वाढवून मागतील अशी रास्त भीती. म्हणून लोक तिला कंपनीच्या नावावरून नुसतं ‘बायोग्राफ गर्ल’ म्हणायचे. पुढे दुसऱ्या कंपनीने १९१० साली तिचं नाव गाजवलं, आणि तेही कसं, तर ती अपघातात गेल्याची वावडी उठली आणि कंपनीने ‘ती जिवंत आहे’ अशी जाहिरात केली. या बाईला मोटारींचा भारी नाद. १९१४ च्या सुमाराला तिने स्वतःच्या गाडीला मागे एक हात बसवला. बटण दाबलं की तो हात वर-खाली होऊन ती कुठे वळणार ते सांगायचा, आणि ब्रेक दाबला की मागे ‘थांबा’ अशी पाटी वर यायची. तिने त्याचं पेटंट घेतलं नाही. जिचं नाव पडद्यावर येत नव्हतं, तिची युक्तीही बेनामीच राहिली. ती १९३८ मध्ये गेली. लुकलुकणारे विजेचे इंडिकेटर मुळातच बसवलेले होते ते १९३९ च्या ब्युइक गाड्यांवर.

तिच्या आईची कथाही तशीच. शार्लट ब्रिजवूड या तिच्या आईने १९१७ साली विजेवर चालणाऱ्या वायपरचं पेटंट घेतलं. पैसा तिलाही मिळाला नाही. आता बघा, युरोपी वळणाच्या गाड्यांत इंडिकेटरची दांडी स्टिअरिंगच्या डावीकडे असते आणि वायपरची उजवीकडे. आपल्याकडच्या बहुसंख्य गाड्या जपानी-कोरियन घराण्याच्या, त्यांत नेमकं उलट. आमच्या शेजाऱ्यांनी जुनी गाडी देऊन युरोपी घराण्यातली घेतली, तेव्हापासून ऐन चैत्रात, रखरखीत उन्हात, प्रत्येक वळणावर त्यांचे वायपर कोरड्या काचेवरून खरडत फिरत असतात. ते ओशाळतात. मला मात्र त्यात एक मायलेकींचं घर दिसतं. लेक काहीतरी सांगायला जाते आणि तिच्या आधी आईच फडकं घेऊन बाहेर येते.

लॉरेन्सबाईंचा यांत्रिक हात मला परका वाटला नाही, कारण खरा हात मी पाहिलेला आहे. सांगलीच्या त्याच आत्याकडे फियाट होती, आणि ती ती स्वतः चालवायची. शाळेत मराठी शिकवणाऱ्या, नऊवारीतून पाचवारीत आलेल्या बाईने गाडी चालवणं हे त्या काळात विश्रामबागेत थांबून बघण्यासारखं दृश्य होतं. गाडीला इंडिकेटर होते. पण तिचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. “उन्हात दिवा दिसतो का कुणाला? हात दिसतो,” असं तिचं म्हणणं. मग वळण आलं की हिरव्या बांगड्यांसकट उजवा हात खिडकीतून बाहेर. उजवीकडे जायचं तर हात सरळ आडवा, पंजा समोर. डावीकडे जायचं तरी हात उजवाच, कारण खिडकी त्याच बाजूला; तो घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरवायचा. थांबायचं तर कोपरातून वर. लायसन्सच्या परीक्षेला शिकलेल्या या खुणा बाकीचे लोक परीक्षेच्या मैदानाबाहेर पडताच विसरत. ती त्या पाढ्यांसारख्या पाळायची. फियाटचा गिअर स्टिअरिंगखाली, तो डाव्या हाताने टाकायचा. म्हणजे वळणाच्या ऐन क्षणी एक हात गिअरवर, एक हात खिडकीबाहेर आणि स्टिअरिंग सांगलीच्या गणपतीच्या स्वाधीन. आतोबा शेजारी बसून वर्तमानपत्र वाचत. त्यांची गणपतीवर, आणि मला वाटतं आत्यावरही, निस्सीम श्रद्धा होती.

एकदा रात्री उशिरा आम्ही मिरजेहून परतत होतो. घराच्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. तरी हात बाहेर गेलाच, बांगड्या वाजल्या. मी मागून विचारलं, “आत्या, कोणाला दाखवतेस? कोणी नाहीये.” ती म्हणाली, “कोणी नाही हे मला कसं कळणार? मी काय डोळ्यांनी सगळं बघते?” तेव्हा मला ते शिक्षिकेचं बोलणं वाटलं होतं. २०२३ साली मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सी, म्हणजे त्या जुन्या फियाटच, रस्त्यावरून उतरल्याची बातमी आली तेव्हा लोकांना काळ्या-पिवळ्या रंगाची आठवण आली, मीटरची आली. मला हिरव्या बांगड्यांची आली.

आजच्या रस्त्यावर मात्र सांगणं कमी झालेलं नाही, त्याचा अर्थ लावणं कठीण झालेलं आहे. खंबाटकीच्या घाटात पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला, तर तो म्हणतोय ‘मी उजवीकडे येतोय, मागेच राहा’ की ‘रस्ता मोकळा आहे, जा पुढे’? दोन्ही अर्थ चालू आहेत, आणि कुठला खरा हे ओव्हरटेक करून झाल्यावर कळतं. रिक्षावाल्याला दिव्याची गरजच नाही. त्याचा डावा पाय बाहेर आला की डावीकडे, आणि पाय आत असला की काहीही. काही मंडळी चौकात चारही दिवे एकदम लावतात, म्हणजे आम्ही सरळ जाणार. हे त्यांना गाडी शिकवणाऱ्यानेच शिकवलेलं असतं. वास्तविक ते दिवे गाडी बंद पडली, रस्त्यात अडकली तर लावायचे. पण आपल्याकडे सरळ जाणं हीच काहीशी असाधारण, लोकांना सावध करण्यासारखी घटना झाली असेल, तर त्या बिचाऱ्यांना दोष कसा द्यावा?

नवा बल्ब बसायला वेळ लागला नाही. तिरक्या पिना आपल्या खाचा बरोबर शोधतात. खरं काम पुढे होतं. दिवा लागतो की नाही हे चालवणाऱ्याला आत बसून दिसत नाही, त्याला दुसरं माणूस लागतं. या प्रसंगावरचा एक जुना विनोद सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तो सांगत नाही. मी आत बसलो आणि बायको ओढणीला हात पुसत गाडीच्या पुढे येऊन उभी राहिली.

“लागला का गं?”

“कुठला?”

“डावा.”

“तुमची डावी की माझी?”

“गाडीची डावी.”

“गाडीचं तोंड माझ्याकडे आहे.”

यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि मला नाही वाटत ते कोणाला सुचेल. दोन माणसं समोरासमोर उभी राहिली की एकाची डावी ती दुसऱ्याची उजवी, आणि लग्नात माणसं बहुतेक काळ समोरासमोरच उभी असतात. मी काचेतून पाहिलं. अंधारून येत होतं आणि तिच्या चेहऱ्याची एक बाजू केशरी व्हायची, जायची, पुन्हा व्हायची. म्हणजे दिवा लागत होता. तिला ते दिसत होतं, मला तिच्यावरून कळत होतं. मी दार न उघडता तसाच थोडा वेळ बसून राहिलो. इतक्या वर्षांत तिने माझं वळणं कधी इंडिकेटरवरून ओळखलेलं नाही. मी चष्मा काढून टेबलावर ठेवला की आता वाद होणार हे तिला कळतं, आणि ती विनाकारण डबे पुसायला लागली की माहेरची आठवण आली आहे हे मला कळतं. आम्हा दोघांच्या या खुणांना नियम नाही आणि मिनिटाला किती वेळा याची मर्यादाही नाही. पण टिकटिक वाढली तर दोघांनाही ऐकू येते.

“लागतोय,” ती म्हणाली. “आणि उजवा पण बघून घ्या एकदा. सारखं सारखं नाही यायची मी.”

उजवाही बघितला. तो ठणठणीत होता. गाडीची नाडी पूर्ववत झाली आणि बॉनेटभोवती जमलेली माणसं, ज्यांना इंजिन हवं होतं, ती वर जाऊन जेवायला बसली असावीत.

तुमच्याकडे गाडी असेल तर आज संध्याकाळी घरातल्या कोणाला तरी पाच मिनिटं तिच्या पुढे आणि पाच मिनिटं मागे उभं करा. बल्ब गेलेला निघाला तर जुना सोबत नेऊन पिना जुळवूनच नवा घ्या. एलईडीचा आग्रह झाला तर डबीचं काय करणार ते आधी विचारा. आणि आत बसण्यापूर्वी डावी कोणाची धरायची तेवढं दोघांत ठरवून घ्या.